एकविसावा मोदक

कोडी सोडवणाऱ्याला लोक हुशार समजतात. कोडी रचणाऱ्याला मात्र "तुम्हाला बाई वेळ कसा मिळतो?" असं विचारतात, आणि त्या 'बाई'वर असा जोर देतात की घरी चार दिवसांची भांडी घासायची पडली आहेत असं आपल्यालाच वाटायला लागावं.

मी डोंबिवलीहून भायखळ्याला नोकरीला जाते. जाताना ठाण्याच्या आसपास बसायला मिळालंच, तर मांडीवर पर्स, पर्सवर आलेखाची वही आणि हातात अप्सरा पेन्सिल. शेजारणीला वाटतं, ही सुडोकू सोडवते आहे. घाटकोपर येईपर्यंत ती तिरक्या नजरेने बघत राहते आणि कुर्ल्याला न राहवून म्हणते, "तिथे सहा नाही बसणार."

"मी सोडवत नाहीये, रचतेय."

"म्हणजे उत्तर तुम्हाला माहितेय?"

"हो."

"मग एवढं डोकं कशाला खाजवताय?"

याला उत्तर आहे, पण ते सांगेपर्यंत दादर येतं आणि ती उतरते. रचणाऱ्याला उत्तर माहीत असतंच. त्याच्याशिवाय दुसरं उत्तर नाही, एवढीच त्याला खात्री करून घ्यायची असते, आणि माझ्या आयुष्याची सात वर्षं त्या 'एवढीच'मध्ये गेली आहेत.

त्यातून मला नुसती कोडी रचून समाधान नाही. माझ्या कोड्याला विषय लागतो. म्हणजे सोडवणाऱ्याला ते दिवाळीचं वाटलं पाहिजे, चित्र सुरेख दिसलं पाहिजे, तर्क काटेकोर चालला पाहिजे, आणि उत्तर एकच पाहिजे. आखूडशिंगी, बहुगुणी, बहुदुधी गाय शोधणाऱ्या माणसाची मी पूर्वी टिंगल करायची. आता त्याच्याबद्दल मला आपुलकी वाटते.

पहिला प्रयोग होता फराळाच्या सुडोकूचा. अंकांऐवजी लाडू, चकली, करंजी, शंकरपाळी, चिवडा, शेव, अनारसा, चिरोटा आणि कडबोळं. बरोबर नऊ! मला वाटलं, हा शोध आपलाच. पण नऊ वेगळ्या गोष्टी प्रत्येक ओळीत एकदाच, ही कल्पना अमेरिकेतल्या हॉवर्ड गार्न्स नावाच्या निवृत्त वास्तुविशारदाने १९७९ सालीच छापून घेतली होती. तेव्हा तिला 'नंबर प्लेस' म्हणत. जपानच्या निकोली या कोडी छापणाऱ्या कंपनीच्या मंडळींनी ती १९८४ मध्ये उचलली आणि तिला लांबलचक नाव दिलं, त्याचं लघुरूप म्हणजे सुडोकू. त्यातल्या 'डोकु'चा अर्थ एकटा, अविवाहित. हे मी सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तरीच ते सोडवणारे घरात कुणाशी बोलत नाहीत."

फराळाचा घोटाळा सुरू झाला तो चित्रांपासून. एक सेंटिमीटरच्या चौकोनात चकली आणि कडबोळं वेगळं काढून दाखवा, मी तुम्हाला साष्टांग नमस्कार घालीन. चिवडा म्हणजे नुसते ठिपके, तो खोडरबराचा कचरा समजून नवऱ्याने दोनदा फुंकून टाकायचा प्रयत्न केला. आणि पूर्ण झाल्यावर सासूबाईंनी ते भरलेले काही आणि रिकामे पुष्कळ चौकोन बघून विचारलं, "इतकंच? पाहुणे काय म्हणतील?" मी समजावलं की आई, मी २६ जिन्नस वाढलेत. १७ पेक्षा कमी वाढले तर सुडोकूला एकच एक उत्तर राहू शकत नाही, हे डब्लिनच्या गणितज्ञांनी २०१२ साली संगणकाला राबवून सिद्ध केलंय. त्या म्हणाल्या, "त्यांच्याकडे सतराच करत असतील. आपल्याकडे ताट भरलेलं लागतं."

दुसरा प्रयोग लेडीज डब्याचा. पाच बायका, पाच रंगांचे ड्रेस, पाच डबे, पाच स्टेशनं. 'भेंडी आणणारी निळ्या ड्रेसवालीच्या आधी उतरते' अशा पंधरा सूचनांवरून कोण कुठे उतरतं ते काढायचं. हा प्रकार जुना आहे. पाच घरं, पाच देशांची माणसं आणि झेब्रा कुणाचा, हे कोडं १९६२ साली 'लाइफ इंटरनॅशनल'मध्ये आलं होतं. पुढे लोकांनी ते आइन्स्टाईनच्या नावावर खपवलं, कारण आपल्याला सुटत नाही ते आइन्स्टाईनचंच असलं म्हणजे बरं वाटतं. मी मोठ्या हौसेने आमच्या ग्रुपमध्ये प्रती वाटल्या. बारा मिनिटांत कोडं सुटलं. आनंद व्हायचा तर मी पद्धत विचारली.

"अगं, कांद्याची भजी आणणारी ठाण्याची असूच शकत नाही. ठाण्याची चातुर्मास पाळते."

"आणि ही पिवळ्या ड्रेसवाली खिडकीत बसलीय म्हणजे ती कल्याणहून उलटी येते. ती सीएसएमटीलाच उतरणार."

माझ्या पंधरा सूचनांपैकी एकही कुणी वाचली नव्हती. उत्तर मात्र बरोबर होतं! सगळ्यांनी आपापल्या माहितीतल्या बायका धरल्या आणि त्या बायका माझ्या कोड्यात चपखल बसल्या. यावर रागवावं की स्वतःचं कौतुक करावं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

एवढं सगळं होऊनही मागच्या गणपतीत सोसायटीच्या सांस्कृतिक समितीने "वहिनी, यंदा तुमचं एक कोडं ठेवू या का?" असं विचारलं आणि मी नाही म्हणाले नाही. छंद असलेल्या माणसाला कुणी विचारलं की त्याची बुद्धी पहिल्या लोकलने निघून जाते.

मी निवडला चांदण्या बसवायचा प्रकार. 'स्टार बॅटल' म्हणतात त्याला, नेदरलँड्सच्या हान्स एन्डेबाक यांनी २००३ च्या जागतिक कोडे स्पर्धेसाठी काढलेला. हल्ली फोनवर राण्या बसवायचा खेळ लोक खेळतात, तो याचाच धाकटा भाऊ. चौकोनी जाळी असते, तिचे जाड रेघेने वाटे पाडलेले असतात. प्रत्येक आडव्या ओळीत, उभ्या ओळीत आणि वाट्यात ठरावीक चांदण्या बसवायच्या. चांदण्या एकमेकींना लागता कामा नयेत, तिरक्या कोपऱ्यातूनसुद्धा नाही.

चांदण्यांच्या जागी मी मोदक घातले, आणि अंगावर काटा आला. उकडीचे मोदक चाळणीत एकमेकांना चिकटता कामा नयेत! डच माणसाचा नियम आणि सासूबाईंचा नियम शब्दशः एक! विषय आणि तर्क असे एकमेकांच्या गळ्यात पडतात तो क्षण रचणाऱ्याला वर्षातून एकदा मिळतो. मी उठून सासूबाईंना सांगायला गेले. त्यांनी ऐकून घेतलं, मान डोलावली आणि म्हणाल्या, "पण एकवीस हवेत."

अर्थात हवेत. गणपतीला मोदक एकवीसच. सात त्रिक एकवीस, म्हणून मी सात बाय सातची जाळी घेतली, ओळीत तीन मोदक. तीन रात्री जागले. पहिली ओळ जमायची, दुसरीत गाडी अडायची. दोन खोडरबर संपले. सकाळी डायनिंग टेबलावरचा त्यांचा भुगा शेव म्हणून सासऱ्यांच्या पोह्यांवर पडला आणि त्यांनी निमूट खाल्ला, कारण सुनेने केलेल्या पोह्यांविषयी ते कधीच मत देत नाहीत.

चौथ्या दिवशी मुलुंड आणि भांडुपच्या मध्ये कुठेतरी लख्ख प्रकाश पडला. शेजारशेजारच्या दोन ओळी घ्या. सात उभ्या रकान्यांच्या तीन जोड्या आणि एक उरलेला, म्हणजे दोन ओळींचे मिळून चार खण. चिकटायचं नाही म्हटल्यावर एका खणात एकच मोदक मावतो. चार खण, चार मोदक. आणि मला हवे होते सहा! म्हणजे मी तीन रात्री जे शोधत होते ते या विश्वात नव्हतंच. बाहेर बघितलं तर भांडुपही निघून गेलं होतं.

संध्याकाळी घरी येऊन मी जाहीर केलं की सात बाय सातमध्ये एकवीस मोदक बसत नाहीत, ही गणिताने सिद्ध झालेली गोष्ट आहे.

"मग थोडे चिकटू देत," सासूबाई म्हणाल्या. "माझेही चिकटतात कधीकधी. देव समजून घेतो."

देव घेतो, कोडं घेत नाही. शेवटी दहा बाय दहाची जाळी घेतली. ओळीत दोन, म्हणजे वीस मोदक. एक कमी. त्यावर मी तोडगा काढला आणि सूचनेखाली लिहून टाकलं : 'एकविसावा मोदक उंदराने नेला.' एक वाटाही उंदराच्या आकाराचा केला, लांब शेपटीसकट. नवऱ्याने तो बघून "कोयता छान आलाय" म्हटलं.

दूर्वेचं मात्र खरंच छान जमलं. तीन घरांची सरळ काडी म्हणजे एक वाटा. त्यात दोन मोदक, तेही न चिकटता, म्हणजे दोन टोकांना दोन, मधलं घर रिकामं. सोडवणाऱ्याने इथून सुरुवात करायची. दूर्वेला तीन पानं असतात, माझ्या दूर्वेला तीन घरं. गणपतीला आधी दूर्वा वाहायची, मग पुढचं. हे कुणाच्या लक्षात येणार नव्हतं हे मला माहीत होतं, तरी मी त्या रात्री स्वतःसाठी वेगळा चहा केला.

"हे सगळं कॉम्प्युटरला सांगितलं असतंस तर सेकंदात करून दिलं असतं," नवरा म्हणाला. मी त्याला निकोलीवाल्यांची गोष्ट ऐकवली, की ते लोक कोडी हाताने रचतात आणि त्यांच्या सुडोकूत दिलेले अंकसुद्धा दोन्ही बाजूंना सारखे दिसतील असे मांडतात, रांगोळीसारखे. हाताने केलेल्यात एक गोडवा असतो. तो म्हणाला, "असेल. पण कॉम्प्युटर तपासून तरी देईल." मी दुर्लक्ष केलं. संसारात नवऱ्याचं बोलणं बरोबर निघण्याचे प्रसंग कमी येतात, पण ते नेमके कधी येतील हे कळायची सोय नसते.

कारण झेरॉक्सला जायच्या आदल्या रात्री मला त्या उंदराचा कान खटकला. शेजारच्या वाट्यातलं एक घर मी उंदराला दिलं. एकच घर! उंदीर एकदम उंदीर दिसायला लागला.

दुसऱ्या दिवशी ६० प्रती वाटल्या. बक्षीस होता पाच लिटरचा प्रेशर कुकर, त्यामुळे एरवी पेपरातलं राशिभविष्यही न वाचणारी माणसं पेन्सिली घेऊन मंडपात बसली. पहिला अर्धा तास 'उंदराने नेलेला मोदक नक्की कुठल्या घरातून नेला?' या प्रश्नात गेला. दोन काकांनी निषेध म्हणून एकविसावा मोदक जाळीच्या बाहेर काढून त्याला बाणही दाखवला. मग एका निवृत्त बँक मॅनेजर काकांनी पेनाने, एकही खाडाखोड न करता उत्तर आणून दिलं. मी पडताळलं. बरोबर. टाळ्या झाल्या, कुकर उचलला गेला.

तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरची सहावीतली मुलगी फ्रॉक सावरत आली. "काकू, माझं पण बरोबर आहे ना?"

मी उत्तरपत्रिकेशी ताडून बघितलं. दोन मोदक वेगळे होते. "नाही गं बाळा," म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. तिच्या ओळी बरोबर होत्या. रकाने बरोबर. वाटे बरोबर. काही चिकटलेलं नव्हतं. चार घरं एका आयताच्या चार कोपऱ्यांवर होती. त्याच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत मोदक ठेवले काय किंवा उरलेल्या दोन कोपऱ्यांत ठेवले काय, कुणाचीच तक्रार नव्हती. आणि त्यातलं एक घर होतं उंदराचा कान.

रचणाऱ्याच्या आयुष्यात याहून मोठी नामुष्की नाही. स्वयंपाकात मीठ विसरलं तर वरून घालता येतं. मी मंडपात मध्यभागी उभी राहून कबूल केलं की कोड्याला दोन उत्तरं आहेत, चूक माझी आहे.

"दोन कशी असतील?" सेक्रेटरी म्हणाले. "कोणतं तरी एक जास्त बरोबर असेल."

मी सांगितलं, तसं नसतं. त्यांनी कमिटीची तातडीची बैठक बोलावली, प्रसादाच्या टेबलापाशी. पार्किंग, पाण्याची टाकी, लिफ्टचा देखभाल खर्च, सगळे प्रश्न आमच्याकडे एकाच मार्गाने सुटतात. त्या मार्गानेच हाही सोडवायचा ठरला. हात वर करून मतदान झालं. काकांच्या उत्तराला ११ मतं, मुलीच्या उत्तराला १४. दोघे तटस्थ राहिले, कारण त्यांच्या मते एकविसाव्या मोदकाचा निकाल लागल्याशिवाय मतदान बेकायदा होतं. तर्कशास्त्राचा प्रश्न बहुमताने सुटताना मी उघड्या डोळ्यांनी पाहिला, आणि त्याचं इतिवृत्तसुद्धा लिहिलं गेलं. काकांनी कुकर परत दिला. शिटी मात्र त्यांच्या पिशवीत राहिली, ती दुसऱ्या दिवशी मागून आणावी लागली.

महिनाभर मी वही उघडली नाही. लोकलमध्ये सरळ झोपायला लागले. शेजारणीनेच एकदा विचारलं, "काय हो, सुटलं का सगळं?"

मग संकष्टी आली. सासूबाईंनी उकडीचे एकवीस मोदक केले. केळीच्या पानावर अंतर ठेवून मांडले, एकही दुसऱ्याला लागलेला नाही. चंद्रोदय ९ नंतर होता आणि घरात सगळ्यांचा उपास. चंद्र दिसल्यावर नैवेद्याचं ताट आणलं तेव्हा सासूबाई थबकल्या. पुन्हा मोजले. मग ताट माझ्यापुढे धरलं. वीस.

"तूच लिहिलं होतंस ना, उंदराने नेला म्हणून?"

मी ताटाकडे पाहिलं, मग घरातल्या माणसांकडे. सासरे देवापुढे अथर्वशीर्ष म्हणत होते, ते संध्याकाळपासून पाटावरून उठले नव्हते. सासूबाई स्वतः मोजून गेलेल्या. मी आत्ताच ऑफिसातून आलेली. उरलेला एकजण पंख्याकडे अतिशय एकाग्रतेने बघत होता, आणि त्याच्या मिशीला ओलं खोबरं लागलं होतं.