विशेष आभार, पण माझे नाहीत

काल भाच्याच्या शॉर्टफिल्मचं स्क्रीनिंग होतं आणि शेवटच्या पाट्यांमधे 'विशेष आभार'मधे माझं नाव नाही. टपरीवाला आहे, गल्लीतला कुत्रा आहे (नावासकट!), पण सदाशिव पेठेतल्या ज्या दोन खोल्यांत हे सगळं शूट झालं त्या खोल्यांची मालकीण नाही.

साउंडवाल्या मुलाने घरात पाय ठेवल्या ठेवल्या फ्रिज बंद केला. का, तर त्याची घरघर माइकमधे येते. बरं बाबा. मग म्हणे रूम टोन घ्यायचा, म्हणजे अर्धा-एक मिनिट कुणी हूं की चूं करायचं नाही, नुसत्या खोलीचा आवाज रेकॉर्ड होतो आणि एडिटिंगला संवादांमधल्या फटी बुजवायला तो लागतो. त्यामुळे मी माझ्याच स्वयंपाकघरात झारा हातात घेऊन पुतळ्यासारखी उभी. आणि हे चालू असताना शेजारचे अण्णा आले. दारात चपला-बुटांचा ढीग, आत सगळे माना खाली घालून गप्प.

"अरे अरे," अण्णा हळूच म्हणाले, "कोण गेलं?"

"कुणी नाही अण्णा, शूटिंग चाललंय."

"मग बोलत का नाही कुणी?"

"रेकॉर्डिंग चालू आहे."

"कसलं?"

"शांततेचं."

अण्णांनी जरा विचार केला. "मग आमच्याकडे या की. ही माहेरी गेलीये, हवी तेवढी घ्या."

टोन गेला. साउंडवाल्याने हेडफोन काढून कपाळावर हात मारला, तोवर अण्णा फ्रेममधल्या खुर्चीत बसलेसुद्धा आणि भाच्याची उलटतपासणी सुरू.

"गोष्ट काय आहे?"

"एक आजोबा आहेत, एकटे. खिडकीत बसलेले असतात."

"बरं. मग?"

"बसलेले असतात."

"मुलगा अमेरिकेत?"

"हो! तुम्हाला कसं कळलं?"

"किती वेळ बसतो?"

"22 मिनिटांची फिल्म आहे. ऑस्करला शॉर्टफिल्म 40 पर्यंत चालते, क्रेडिट्स धरून."

"म्हणजे 18 शिल्लक आहेत. त्यात माझं घाल काहीतरी."

आणि घातलं हो त्याने! अण्णांचं म्हणणं, त्यांचे वडील प्रभातमधे मॉबमधे उभे राहिले होते, म्हणजे रक्तातच आहे. प्रभात फिल्म कंपनी 1933 मधे कोल्हापूरहून इथे आली, त्याच जागेत 1960 मधे फिल्म इन्स्टिट्यूट निघाली, आणि तेव्हापासून पुण्यात दर घरामागे एक माणूस असा आहे जो सिनेमात जाणार होता पण घरच्यांमुळे बँकेत लागला. अण्णा त्यातलेच.

फ्रिज चालू करायचं अर्थातच कुणाच्या लक्षात राहिलं नाही. आमरस आंबला, इडलीचं पीठ डब्याबाहेर येऊन खालच्या कप्प्यातल्या भाजीवर सांडलं. नंतर कुणीतरी सांगितलं की साउंडवाले फ्रिज बंद केला की स्वतःच्या गाडीची किल्ली त्यात ठेवतात, म्हणजे तो चालू केल्याशिवाय निघताच येत नाही. हा मुलगा पीएमपीच्या बसने आलेला. पास तरी ठेवायचास!

मला राग आमरसाचा नाही (आहे, थोडा आहे). राग याचा की लेन्सचं भाडं रोख दिलं जातं, तेही आगाऊ, तिथे कुणी 'पॅशन प्रोजेक्ट आहे हो' म्हणून दाखवत नाही. नट फुकट, साउंडवाला फुकट, घर फुकट, पोह्यांचे दोन डोंगर फुकट. माणसांना पॅशन पुरते आणि काचेला पैसे लागतात, हा कुठला न्याय? बोलायला गेलं की भाचा नागराज मंजुळेंवर येतो, त्यांनीही आधी 'पिस्तुल्या' ही शॉर्टफिल्मच केली, तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, 'फँड्री' नंतर आला. अरे मान्य, पण त्यात माझ्या फ्रिजचा काय संबंध?

आणि चिडचिड याची की फिल्ममधे जिवंत म्हणावा असा प्रसंग एकच, अण्णांचा. ते खिडकीतल्या आजोबांकडे येऊन नुसतं विचारतात, "पाणी आलं का तुमच्याकडे?" आणि हॉल हसला. बाकी वेळ पंखा फिरतोय, नळ गळतोय, आजोबा बघतायत. स्क्रीनिंगनंतरच्या गप्पांत एका मुलीने अण्णांना भूमिकेची तयारी कशी केली असं विचारलं, तर म्हणाले, "पाणी खरंच आलं नव्हतं."

पुढच्या फिल्मसाठी अण्णांनी आजच मानधन सांगितलंय, पाचशे रुपये आणि रिक्षाचे वेगळे. भाचा लगेच हो म्हणाला. मग मी पण आमरसाचं बिल पाठवलं व्हॉट्सॅपवर, तर त्यावर त्याने हार्ट टाकलाय.