जपानचा म्हातारा आणि आमचे कुणगे

आठवडाभर गावच्या ग्रुपवर एकच व्हिडिओ फिरतोय, जपानमधला सत्तरीचा म्हातारा मशीनवर बसून एकटा भात लावतोय आणि खाली लिहिलंय, "जपान इस्रायल कुठे पोचले, कोकणी माणूस आळशी, अजून जोताच्या मागे." आपल्याच पोरांनी त्याला अंगठे दिलेत ते बघून राहवलं नाही.

आधी मशीनचं बोलू. आमची कुडाळकडची जमीन 22 गुंठे, ती पण सात कुणग्यांत म्हणजे भाताच्या छोट्या खाचरांत, एक वर एक खाली. पॉवर टिलर भाड्याने आणला तरी एका कुणग्यातून दुसऱ्यात तिघांनी उचलून न्यावा लागतो, गेल्या वर्षी त्यात मेर म्हणजे बांध ढासळला आणि अर्धा दिवस तो परत घालण्यातच गेला. लावणीच्या मशीनला तर ट्रेमध्ये चटईसारखा वाढवलेला तरवा (भाताची रोपं) लागतो, आपला उपटून मुठी बांधलेला तरवा त्यात चालतच नाही. जपानात सरकारने पैसे घालून तुकडे एकत्र केले, 30-30 गुंठ्यांची चौकोनी खाचरं, प्रत्येकाला पाट आणि रस्ता. आमच्या सातबाऱ्यावर 19 नावं आहेत, अर्धी मुंबईत, सह्या घ्यायच्या तर गणपतीची वाट बघायची.

"जपानकडून शिका" म्हणता, तर 1953 साली जपानी पद्धतीच्या भातशेतीची मोहीम देशभर झाली, निवडक बी, खत, ओळीत लावणी. आमचे आजोबा दोरी धरून लावायचे ते त्यातलंच.

भाताच्या भावाचं तर कोणी बोलतच नाही. जपानात कोट्याबाहेरच्या आयात तांदळावर किलोला 341 येन कर आहे, आणि भाव पडू नये म्हणून 1970 पासून 2018 पर्यंत भाताखालचं क्षेत्र सरकारनेच कमी ठेवलं. आणि तो म्हातारा एकटा का आहे ते पण बघा ना, तिकडची पोरं पण शहरात गेली, शेतकऱ्याचं सरासरी वय 65 च्या वर गेलंय. म्हणजे दुखणं आपलंच आहे.

इस्रायलचं म्हणाल तर 1964 मध्ये त्यांनी उत्तरेचं पाणी पाइपलाइनने दक्षिणेला नेलं. आपल्याकडे 3000 मिमी पाऊस पडतो पण चार महिन्यांत, जांभ्यातून झिरपून जातो आणि एप्रिलात विहिरीचा तळ दिसतो, मग त्यांच्यासारख्या ठिबक सिंचनात सोडायचं काय?

जमीन पड राहतेय हे मात्र खरं, मला पण बघवत नाही. पण रात्रभर रानडुकरांपासून शेत राखून वर मजुरी अंगावर येते तेव्हा माणूस सोडतो, त्याला आळस म्हणू नका.

नवीन काही नकोच असं नाही. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळेंचं सगुणा भात तंत्र आहे, गादीवाफ्यावर टोकण म्हणजे भोकं पाडून थेट बी पेरायचं, चिखलणी नाही की लावणी नाही, वाफे एकदा केले की परत नांगरायचे नाहीत. तण सांभाळावं लागतं. यंदा वरच्या दोन कुणग्यांत ते करतोय, टोकणीला या कोणाला यायचं असेल तर.