बाजारात तुरी, डब्यात नाणी

राजेहो, कापसाची दुसरी वेचणी आटोपली, तुरी अजून वावरात उभ्या आहेत आणि रात्रीची लाइन नसली तरी मोबाईल चार्ज आहे. छंद लावून घ्यायला याहून बरा मुहूर्त कोणता? नाणी जमवायला लागा. शहरातले लोक सांगतात की या छंदाला वाचन लागतं, नजर लागते, चिकाटी लागते. आपल्याला एक डबा पुरतो. तोही तुमच्या घरी आधीच भरलेला आहे.

खोटं वाटत असेल तर फळीवरचा डबा काढून पाहा. दहाची नाणी! पानठेलेवाल्यानं नाकारलेली, किराणावाल्यानं परत केलेली, आठवडी बाजारात वांगेवालीनं "हे नाई चालत बाप्पा इकडं" म्हणून तुमच्याच हातावर ठेवलेली. रिझर्व्ह बँकेनं जानेवारी 2018 मध्ये जाहीर केलं होतं की दहाच्या नाण्याचे तोवर 14 नमुने निघालेत आणि सगळेच्या सगळे चालतात. कुठं कडेला दहा रेघा, कुठं पंधरा. 2011 पासूनच्या नाण्यांवर रुपयाचं नवं चिन्ह, आधीच्यांवर नाही. बँकेचं हे म्हणणं आपल्या गावानं ऐकून घेतलं आणि फेटाळून लावलं. त्यामुळे बाहेर लोक एकेक नमुना शोधत फिरतात, तर आपल्या डब्यात चौदाच्या चौदा आपोआप येऊन बसतात. संग्रहाची सुरुवात झाली की नाही?

आता दुसरी पायरी, म्हणजे किंमत ठरवणे. जाणकार आधी नाणं ओळखतात, मग भाव काढतात. आपण उलट चालायचं. व्हिडिओत एक पोट्टा सांगतो की 2012 सालचं, वैष्णोदेवीचं चित्र असलेलं पाचाचं नाणं दहा लाखांना जातं. लगेच मान्य करा. ट्रॅक्टरचा रंग ठरवा, मोठ्या भावाला त्यात वाटा द्यायचा की नाही यावर घरात एक भांडण उरकून घ्या. मग व्हिडिओखालच्या नंबरवर फोटो पाठवा. नाणं त्यांना पसंत पडेलच, आजवर कुणाचं नापसंत पडलेलं नाही. आधी नोंदणीचे पैसे मागतील, ते द्या. मग कमिशन, मग टॅक्स. ऑगस्ट 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेनं बजावलं होतं की आमचं नाव वापरून जुन्या नाण्यांच्या व्यवहारात असे पैसे उकळणारे भामटे फिरताहेत, सावध राहा. पण बँकेचं काय ऐकता? ती तर दहाचं नाणंही चालतं म्हणत होती.

पाचाच्या नाण्यावर मन भरत नसेल त्यानं राम दरबाराकडं वळावं. एका बाजूला राम, लक्ष्मण, सीता, हनुमान; दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनी आणि साल 1818. कंपनीनं असं नाणं कधी पाडलंच नाही, ही मागाहून कुणीतरी ठोकलेली टिकली आहे, असं अभ्यासक ओरडून सांगतात. सांगू द्या. 1818 साली कंपनी नागपुरात आप्पासाहेब भोसल्यांना गादीवरून उतरवत होती. त्या धावपळीत दोन घटका काढून तिनं रामभक्ती केली नसेल कशावरून? शिवाय हे नाणं तांदूळ ओढतं म्हणतात. तांदळाला आधीच लोखंडाचा कीस चोपडलेला असतो, हे भंडारा-गोंदियाच्या धानवाल्यानंही विचारू नये. तांदूळ पाहून पाहून त्याची नजर मेलेली असते.

इतकं झाल्यावर आजीच्या पेटीकडं या. तळाशी फडक्यात राणीछाप रुपया असेल. नाण्यावरचा काळपट थर म्हणजे त्याचं वय, तो घालवला तर भाव पडतो, असं जाणकार म्हणतात. तुम्ही चिंच घ्या, राख घ्या, वरून नारळाची शेंडी. मी स्वतः आमच्या आजीचा रुपया असा घासला होता. आता तो इतका गुळगुळीत आहे, की राणी आहे का राजा, ते आजीच्या आठवणीवरच ठरतं. 1876 पर्यंतच्या रुपयावर 'व्हिक्टोरिया क्वीन' आणि 1877 पासून 'एम्प्रेस' असतं म्हणे. चोख घासलं की असले बारीक भेद उरत नाहीत. 1911 च्या रुपयावर तर पंचम जॉर्जच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुक्कर वाटला, गलका झाला, आणि पुढच्या साली सरकारला ठसा सुधारावा लागला. तेव्हा गावोगाव चिंच-राख वापरली असती तर हत्तीही गेला असता, डुक्करही गेलं असतं.

घासूनही उरलाच तर सोनाराकडं न्या. पावणेबारा ग्रॅमला थोडा कमी रुपया, बारा भागांत अकरा भाग चांदी. घट धरून तो मोडीत घेईल, नाहीतर कडी डागून गळ्यात घालायला देईल. कडी लागली की संग्राहक त्याच्याकडं बघतही नाहीत, म्हणजे चोरीची भीती गेली.

आजच्या नाण्यांवर सालाखाली टांकसाळीची खूण असते, ती मात्र मुळीच पाहू नका. पत्त्यातल्यासारखी चौकट असली तर मुंबई, चांदणी असली तर हैदराबाद, ठिपका नोएडाचा आणि काहीच नसलं तर कोलकाता. या माहितीला पैसे पडत नाहीत, तेव्हा तिच्यात दम नसणार.

वाईट उदाहरण हवं असेल तर तऱ्हाळ्याचं घ्या, मंगरूळपीर तालुक्यातलं. 1939 साली तिथं सातवाहनांची दीड हजारांवर नाणी सापडली. सोनं नाही, चांदी नाही. तांबं, शिसं, कथील यांची भेसळ. पुढं सोंड वर केलेला हत्ती, मागं उज्जैनचं चिन्ह, म्हणजे अधिकच्या खुणेच्या चार टोकांना चार गोल. ती वा. वि. मिराशींसारख्या विद्वानाच्या हाती पडली, त्यांनी एकेक अक्षर लावत बसून कुंभ, कर्ण असे पुराणांतही नाव नसलेले राजे उजेडात आणले. आजच्यासारखं मांत्रिक आणून, कोंबडं कापून, रातोरात वाटणी केली असती तर त्या राजांची इतकी वर्षांची झोप मोडली नसती.

तुमच्या वावरात हंडा निघालाच, तर 1878 चा कायदा ठाऊक असू द्या. दहा रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं की कलेक्टरला कळवावं लागतं. नीट वाचा: दहा रुपयांहून जास्त. म्हणजे दहाचं एक नाणं ठेवून घ्यायला सरकारची हरकत नाही.

परवा तेच एक नाणं घेऊन मी पानठेल्यावर गेलो. खर्रा मागितला, नाणं पुढं केलं. त्यानं हातही लावला नाही. "नोट दे ना भाऊ, हे कोन घेते?" मी नाणं खिशात टाकलं. तसा तो ठेल्यावरून वाकला, इकडंतिकडं पाहिलं आणि हळूच म्हणाला, "थांब जरासा, पलटून दाखव बरं. माताराणीवालं तं नाई? त्याचे धा लाख भेटून राह्यले म्हंते."