बसते का भौ?

घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून, असं ज्यानं म्हणून ठेवलं त्यानं फुल सस्पेन्शन सायकल सुटे भाग आणून जुळवली नव्हती. घराचं दार चौकटीत बसलं नाही तर सुतार रंधा मारतो. लग्नात तेच काम दोन्हीकडचे नातेवाईक करतात. कार्बनच्या फ्रेमला रंधा चालत नाही. तिथं अर्धा मिलिमीटर फरक पडला की भाग परत डब्यात, डबा परत कुरिअरला, आणि कुरिअरवाला आमच्या गावात येत नाही. तो परतवाड्याच्या नाक्यावर उभा राहून फोन करतो, ‘दादा, या घ्याले.’

माझं कृषी केंद्र आहे. दिवसभर माणसं काउंटरवर कोपर टेकून विचारतात, ‘भौ, तूर कोणती लावू?’ जमीन भारी की हलकी, पाणी आहे की नाही, एवढं विचारून मी अर्ध्या मिनिटात पिशवी समोर ठेवतो. माझ्या शब्दावर लोक वर्षभराचं पीक लावतात. तोच मी रात्री ओट्यावर मोबाइल घेऊन बसायचो आणि मीडियम घ्यावी की लार्ज, हे ठरेपर्यंत गल्लीतली कुत्री भुंकून झोपी जायची.

दोष सातपुड्याचा. दुकानातून उत्तरेला पाहिलं की तो दिसतोच. वर सुमारे ११०० मीटरवर चिखलदरा. व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत सायकल न्यायची नाही हे मलाही कळतं, पण अलीकडच्या टेकड्यांवर गुराख्यांच्या पायवाटा आहेत, नाल्यात उतरणाऱ्या, दगडगोट्यांच्या. त्या वाटांवर साधी सायकल घेऊन गेलं की दुसऱ्या दिवशी काउंटरमागं उभ्यानंच धंदा करावा लागतो. म्हणून मागंपुढं दोन्हीकडं सस्पेन्शन. आणि कार्बन का? तर भाचा पुण्यात असतो. त्याच्याकडं अशी सायकल आहे आणि सायकलीपेक्षा सल्ले जास्त आहेत. ‘मामा, ॲल्युमिनियमपेक्षा फ्रेम सहज अर्धा किलोनं हलकी पडते,’ तो म्हणाला. मी हे घरात मोठ्यानं वाचून दाखवलं. बायको काही बोलली नाही. तिनं एकदा माझ्या पोटाकडं पाहिलं आणि दुसरी भाकर टोपलीत परत ठेवली.

मापाचं प्रकरण आधी सांगतो, कारण तिथंच माझी झोप उडाली. आमच्याकडं काळ्या सायकलीची मापं सोपी होती. बावीस इंची आणि चोवीस इंची. सीटखालच्या नळीची लांबी ती, बस्स. माणूस उंच असो की बुटका, घरात असेल ती सायकल चालवायची. पोरं तर दांडीखालून पाय घालून कैची मारत शाळेत जायची. नव्या सायकलीत त्या नळीला कोणी विचारत नाही, कारण सीट आता हँडलवरच्या खटक्यानं वरखाली होते. आता विचारायचं रीच आणि स्टॅक. पायडल जिथं फिरतं त्या जागेच्या मध्यातून एक उभी रेष मनातल्या मनात ओढायची. हँडलच्या नळीचं वरचं टोक त्या रेषेपासून आडवं किती पुढं आहे, तो रीच. उभं किती वर आहे, तो स्टॅक. उभं राहून उतार उतरताना शरीराला जागा किती मिळणार हे रीचवर ठरतं. मीडियमचा रीच ४५० मिलिमीटर, लार्जचा ४७५. तक्त्यात मीडियम १६५ ते १७५ सेंटिमीटर उंचीच्या माणसाला, लार्ज १७५ ते १८५.

माझी उंची १७५.

सकाळी मोजली तर थोडी जास्त भरते, संध्याकाळी थोडी कमी. म्हणजे न्याहारीच्या वेळी मी लार्ज आणि दुकान बंद करताना मीडियम. भाचा म्हणे लार्जच घ्या, आजकाल सगळे लांब घेतात. पण त्याला पुण्याच्या टेकड्यांवरचे रुंद रस्ते. इथं पळसाच्या दोन बुंध्यांमधून वळायचं असतं.

शेवटी पायाचं माप घ्यायचं ठरलं. सीटचा दांडा किती वर येणार ते त्यावरच ठरतं. माप घ्यायची रीत अशी: भिंतीला पाठ लावायची, जाडजूड पुस्तक दोन पायांमध्ये घट्ट वर दाबायचं, आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजायचं. घरात हे करायला कोणी तयार होईना, म्हणून बाजाराच्या दिवशी शिंपीकाकांकडं गेलो. खतविक्रीचं रजिस्टर सोबत नेलं, तेवढं जाड दुसरं काही नव्हतं. काका चश्म्यावरून पाहत राहिले.

‘पॅन्ट शिवाची हाये काय?’

‘नाही काका, सायकल.’

त्यांनी फीत खाली ठेवली. मग उचलली. आयुष्यभर लोकांची मापं घेतलेला माणूस, त्यानं प्रश्न पचवला आणि गुडघ्यावर बसला. फितीचं टोक माझ्या टाचेशी धरून म्हणाला, ‘चप्पल काढा. अन् ते पुस्तक जरा कमी दाबा, चेहरा बदलून राह्यला तुमचा.’ ८१ सेंटिमीटर. वहीत लिहिताना सवयीनं विचारलंच, ‘मोहरी किती ठेवू?’ दुकानात ब्लाउज टाकायला आलेल्या दोघी बाया आणि पावशेर गर्दी तोवर दारात जमली होती. गावात त्या संध्याकाळी बातमी अशी पसरली की कृषी केंद्रवाल्याला रजिस्टर घेऊन शिंप्यानं मोजलं. पुढचे काही दिवस लोक खत घेताना बिल दोनदा तपासत होते.

मीडियम घेतली. हँडल फ्रेमला धरून ठेवणारा तुकडा, म्हणजे स्टेम, ५० मिलिमीटरचा. विषय बंद.

पण तो विषय बंद झाला आणि बाकीचे सगळे उघडले. आपल्याला वाटतं सायकलीचं चाक म्हणजे चाक. मागच्या चाकाचा हब, म्हणजे मधला तुंबा, किती रुंद? जुना १३५ मिलिमीटर, मग १४२, मग बूस्ट नावाचा १४८, आणि त्याच्याही पुढं १५७. बूस्टमागं कारण आहे हे मान्य. २९ इंची मोठं चाक ताठ राहावं म्हणून स्पोकांची पकड दोन्ही बाजूंना तीन-तीन मिलिमीटर बाहेर सरकवली. त्यामुळं चेनची रेषही तीन मिलिमीटर बाहेर गेली. त्यामुळं क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, तोही वेगळा. एकानं जागा बदलली की रांगेतल्या सगळ्यांनी सरकायचं.

मागच्या शॉकनं तर मला गणिताच्या मास्तरांची आठवण करून दिली. माझ्या फ्रेमला २१० लांबीचा, ५० मिलिमीटर दबणारा शॉक लागतो. तो ५० दबला की चाक १३० वर जातं, म्हणजे २.६ पट. तितक्यात भाच्यानं एक वापरलेला शॉक स्वस्तात शोधला, २०० बाय ५७. हे माप २०१६ च्या आधीचं, इंचांच्या जमान्यातलं. त्या वर्षापासून मेट्रिक मापं आली. मी आमच्या सायकलवाल्या मिस्तरीला विचारलं, बसते का भौ? तो म्हणाला, ‘दहा मिलिमीटरनं काय होते जी? दोन वायसर टाकू.’ दहा मिलिमीटरनं मागचं चाक सुरुवातीलाच सव्वीस मिलिमीटर वर जाऊन बसतं, पायडल खाली येऊन दगडांना लागतं, आणि पूर्ण दबल्यावर टायर सीटच्या नळीला घासायची पाळी येते. हे मी त्याला दुकानाच्या पाटीवर खडूनं काढून दाखवलं. त्यानं शांतपणे पाहिलं आणि म्हणाला, ‘मंग तीन वायसर.’

सीटच्या दांड्याचा व्यास ३०.९, ३१.६ आणि ३४.९ मिलिमीटर अशा तीन मापांत येतो. या लोकांना पूर्णांक माहीतच नाहीत. क्रँकच्या धुरीचं पाहा. एका कंपनीची २४ मिलिमीटर, सरळ हिशेब. दुसरीची २८.९९. एकोणतीस करायला काय झालं होतं? तो उरलेला शतांश कोणाच्या घरी गेला? कॅसेट म्हणजे मागच्या गिअरच्या चकत्यांचा गठ्ठा, तो ज्यावर चढतो त्या फ्रीहबचे दाते दोन घराण्यांचे दोन, एकाचं दुसऱ्यावर चढत नाही. बेटीव्यवहार बंद.

हँडलनं मात्र आनंद दिला. रुंदी ७६० ते ८००. अचलपूरहून मूर्तिजापूरमार्गे यवतमाळला जाणारी आमची शकुंतला ज्या रुळांवरून चालायची, त्यांच्यातलं अंतर ७६२ मिलिमीटर. आख्खी आगगाडी, डबे, संत्र्यांच्या टोपल्या आणि बिनतिकीट प्रवासी धरून, ७६२ वर सांभाळली. मला एकट्याला ८०० कशाला? ७६० घेतला.

गिअर निवडताना मी घाट डोळ्यांसमोर ठेवला. पुढं ३० दात्यांची चकती, मागं सर्वांत मोठी ५१ दात्यांची. पायडलची एक फेरी मारली की सायकल साधारण १.३५ मीटर पुढं जाणार. मिनिटाला साठ फेऱ्या धरल्या तर ताशी पाच किलोमीटरच्या आतच. हा हिशेब मी मोठ्या अभिमानानं ढोरं घेऊन चाललेल्या एका म्हाताऱ्याला सांगितला.

‘पाच?’ त्यानं बिडी पेटवली. ‘तेवढं तं मी पायीच जातो. अन् ढोरं बी आणतो.’

टायरचा प्रश्न मी कोणालाही विचारला नाही, कारण तो आमच्या घरचा आहे. परदेशी माणूस टायर निवडताना चिखलाची खोली आणि दगडाची धार पाहतो. बाभळीचा काटा त्यानं पाहिलेला नसतो. वाळलेला बाभळीचा काटा चपलेतून तळपायात जातो, टायरची काय कथा. म्हणून ट्यूबलेस, आत पातळ सीलंट. ते भोक पडलं की तिथं जाऊन गोठतं. बाटली उघडली की अमोनियाचा वास येतो, तो मला दुकानातल्यासारखाच वाटला. फक्त आमच्या मे महिन्यात ते टायरच्या आतच लवकर वाळतं, तेव्हा उन्हाळ्यात चाक हलवून आतलं खुळखुळतंय का ते ऐकत राहायचं. आणि टायर २.४ इंचांच्या वर घ्यायचा नाही. मागच्या नळ्यांमध्ये जागा उरली पाहिजे. पाऊस पडल्यावर काळी माती चाकाला धरते आणि सोडत नाही. कपाशीच्या वावरातून शंभर पावलं गेलं की चाक फिरायचं थांबतं आणि सायकल खांद्यावर येते. कार्बनचा खरा फायदा तेव्हा कळतो.

जुळवणी मिस्तरीच्या टपरीत, लिंबाखाली. फ्रेम बाहेर काढली तेव्हा त्यानं बोटाच्या पेरानं टकटक वाजवली. ‘फायबर हाये हे. ठिबकचा पाइप याच्याहून टणक लागते.’ जमलेल्यांनी आपापली तपासणी केली. स्टँड कुठी हाये? करिअर? मडगार्ड? डबलसीट कसं बसाचं? किंमत विचारली की मी बैलजोडीच्या भावात सांगत होतो. साधी जोडी की शंकरपटाची, तेवढं मोघम ठेवलं.

मग तो क्षण आला. मिस्तरीनं स्टेमच्या बोल्टाला ॲलन की लावली आणि सवयीनं दुसरा हात बाकाखाली घातला. तिथं त्याचा हातभर लोखंडी पाइप असतो. पान्याला पाइप लावून ट्रॅक्टरच्या चाकाचे नट आवळणारा माणूस तो. मी ओरडलोच. स्टेमच्या त्या बोल्टांना ५ न्यूटन मीटर, जास्त झालं की कार्बनचं हँडल आतून चिरतं आणि बाहेरून दिसतही नाही. मी टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेल्या जोरावर थांबणारा पाना, पुढं केला. ५ वर लावून तो फिरवला आणि खट् झालं.

‘तुटला जी.’

‘नाही, झालं आवळून.’

‘एवढंच?’ त्याचा चेहरा पडला. त्यानं आवळायला अजून कुठं सुरुवातही केली नव्हती.

पण बॉटम ब्रॅकेट, म्हणजे क्रँकची धुरी ज्यात फिरते त्या बेअरिंगा, बसवताना त्यानं माझी बोलती बंद केली. मी मुद्दाम दाबून बसवायच्या प्रकाराची फ्रेम टाळून आट्यांची घेतली होती, दाबलेल्या बेअरिंगा पुढं कुरकुरतात म्हणून. मी मोबाइलवर वाचत होतो की उजव्या बाजूचे आटे उलटे असतात. मान वर करेपर्यंत त्यानं उजवा कप डावीकडं फिरवत हातानंच आत नेला होता. ‘उजवीकडले उलटेच राह्यते. माह्या बापानं शिकवलं. यात नवं काय हाये?’ मग शॉकच्या टोकावरची टोपी काढली आणि हरखला, ‘हा तं मोटरसायकलचा वॉल!’ आणि ट्रॅक्टरच्या कंप्रेसरची नळी घेऊन निघाला. ती मी दोन्ही हातांनी धरून ठेवली. शॉकमध्ये हवा छोट्या पंपानं, मोजून भरायची. मग नुसतं वर बसायचं. आपल्या वजनानं तो पन्नासपैकी पंधरा मिलिमीटर दबला की झालं. दांड्यावरचं रबराचं कडं किती सरकलं ते पाहायला मिस्तरी पट्टी घेऊन खाली वाकला, मी लिंबाला हात टेकून वर बसलो, आणि त्यानं खालून आकडा सांगितला, ‘पंधरा. पण पोट आत घेतलं तं चौदा.’

मजुरी विचारली. त्यानं पान्यांचा डबा बंद केला, कापडानं हात पुसले.

‘फिटिंगचे तीनशे. अन् पाइप नाही लावू देला, त्याचे शंभर.’