विडी वळणाऱ्या आईचा व्यायाम : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई,

व्यायामावरच्या माझ्या लेखात मी सोलापूरच्या कंबर तलावाला फेऱ्या मारायला सांगितलं होतं. त्यावर ‘कंबर तलावाला फेऱ्या मारा, हे पेन्शनरांना सांगा. माझी आई दिवसभर विड्या वळते, तिला शुगर आहे, गुडघे धरलेत. तिचे कष्ट म्हणजे व्यायाम नाही का?’ असं तुम्ही लिहिलंत. राग रास्त आहे. आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम हा जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा मी त्या लेखात दिला. पण काहीच न करण्यापेक्षा थोडी हालचालही बरी, हे त्याच संघटनेने २०२० साली सांगितलेलं लिहायचं राहिलं. ती चूक माझीच.

कष्ट म्हणजे व्यायाम, हे मात्र मला पटत नाही. माझी मावशी पूर्व भागात विड्याच वळायची. मांडीवर सूप, हातात कात्री, मान खाली. बोटं अखंड चालू, कमरेखाली सगळं गप्प. संध्याकाळी भिंत धरूनच उठायची. दमणूक खरी होती, पण गुडघ्याला सांभाळणारे मांडीचे स्नायू दिवसभर नुसते पडून.

म्हणून आईंना तलावावर नेऊच नका. भिंतीला टेकवून एक खुर्ची ठेवा. हात न टेकता उठायचं, सावकाश बसायचं. आधी पाच वेळा. गुडघा कुरकुरला तर खुर्चीवर उशी घालून बैठक उंच करा. विड्या वळताना दर अर्ध्या तासाने सूप बाजूला ठेवून उठायचं. जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं घरातच चालायचं. चालताना स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हाही हे जमतं.

एक गोष्ट जपा. मावशी एकदा गोळी घेऊन उपाशीपोटी बाहेर पडली. रस्त्यातच घामाने डबडबली, हात थरथरायला लागले, जीभ अडखळली. चहाच्या गाडीवाल्याने साखरपाणी पाजलं म्हणून सावरली. तिची शुगर फार उतरली होती. शुगर खाली आणणाऱ्या सगळ्याच गोळ्या ती इतकी उतरवत नाहीत; आईंची कोणती, ते डॉक्टरांना विचारा. इन्सुलिन किंवा तशी गोळी असेल आणि चालण्याआधी शुगर तपासायच्या मशीनवर शंभरच्या आत आकडा आला, तर आधी थोडं खाऊ द्या. अनवाणी चालू देऊ नका, रात्री तळपाय बघा. बधिर पायाला जखम कळत नाही.

आजींचं विचारलंत. ऐंशीच्या वयात तोल महत्त्वाचा : ओटा धरून, जवळ कुणीतरी उभं असताना, एक पाय किंचित उचलायचा. वहिनींना पाचवा महिना आहे. डॉक्टरांनी हो म्हटलं असेल तर चालताना गप्पा मारता येतील इतक्याच वेगाने चालू द्या. रक्त दिसलं, पोटात दुखलं किंवा चक्कर आली तर लगेच थांबून दवाखाना गाठायचा.

आईंना उठा-बशा पाचवरून दहावर न्यायला किती दिवस लागले, ते इथेच खाली लिहा. मी वाट बघतोय.