खिडकीचा खांब आणि इतर सुखसोयी

विजेवर धावणाऱ्या आधुनिक आंतरशहरी गाडीविषयी मोठ्या मुद्द्यावर तक्रार करण्याची सोयच उरलेली नाही, ही माझी पहिली तक्रार आहे. पूर्वी गाडीतून उतरणाऱ्या माणसाजवळ प्रवासाचा पुरावा असे. डोळ्यात कोळशाचा कण गेलेला असे, कपड्यांना धुराचा वास येत असे आणि कंबरेने रुळांच्या प्रत्येक सांध्याचा हिशेब ठेवलेला असे. आता रूळ मैलोन्‌मैल सलग जोडलेले असतात, डबा हवेच्या स्प्रिंगांवर तरंगतो, मोटारी अनेक डब्यांच्या पोटाखाली वाटून टाकलेल्या असतात, आणि माथ्यावरच्या तारेतून पंचवीस हजार व्होल्टची वीज गाडीत शिरते तेव्हा खाली बसलेल्या प्रवाशाला तिचा सुगावाही लागत नाही. १९६४ साली तोक्यो आणि ओसाका यांच्यामध्ये पहिली शिंकान्सेन, म्हणजे जपानची ‘बुलेट’ गाडी, सुरू झाली आणि तिने ताशी २१० किलोमीटरचा वेग गाठला. तेव्हापासून जगभरच्या अभियंत्यांनी गाडीचे दोष एकेक करून काढून टाकले आहेत. परिणामी जे दोष शिल्लक राहिले ते उत्तम प्रकाशात, नीट मांडून ठेवल्याप्रमाणे प्रवाशाच्या नजरेस पडतात.

खिडकीचेच घ्या. आरक्षण करताना पडद्यावर डब्याचा सुबक नकाशा येतो, त्यात खिडकीकडच्या जागा दाखवलेल्या असतात, आणि मी मोठ्या चोखंदळपणे त्यांतली एक निवडतो. प्रत्यक्ष जाऊन बसावे तर माझ्या बाजूला फिकट राखाडी रंगाचे, किंचित खरखरीत पोताचे आणि अतिशय टिकाऊ असे प्लास्टिकचे पॅनेल असते. मान पुढे काढली तर पुढच्या माणसाच्या खिडकीची शेवटची चार बोटे दिसतात. मान मागे वळवली तर मागच्या बाईंची खिडकी दिसते आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा संशयही दिसतो. यामागे कुणाचे वैर नाही. डब्याचा सांगाडा ॲल्युमिनियमच्या लांबलचक पोकळ पट्ट्या जोडून तयार होतो, त्यात खिडक्यांच्या जागा एकदाच आणि ठरावीक अंतराने कापल्या जातात, आणि बहुधा तोच सांगाडा वरच्या वर्गालाही वापरतात व खालच्या वर्गालाही. वरच्या वर्गात आसने ऐसपैस मांडतात आणि खालच्या वर्गात दाटीवाटीने. आसने पट्ट्यांवर हवी तशी मागेपुढे सरकवता येतात, खिडकी मात्र कापली तिथे राहते. अशा परिस्थितीत एखाद्या आसनाची आणि खिडकीची पत्रिका जुळलीच, तर तो त्या प्रवाशाच्या पूर्वपुण्याईचा भाग समजावा.

त्यातही पडदा हा खरा कलहाचा विषय आहे. पडदा एक, खिडकी एक, आणि तिच्यावर हक्क सांगणाऱ्या ओळी दोन. एकदा माझ्या पुढच्या गृहस्थांनी गाडी सुटताच पडदा खाली ओढला आणि माझी चार बोटेही गेली.

“अहो, पडदा थोडा वर घेता का?” मी विचारले.

“ऊन येतं हो. लॅपटॉपवर काही दिसत नाही.”

“पण मला बाहेरचं काहीच दिसत नाही.”

ते उठून उभे राहिले, माझ्या बाजूच्या पॅनेलकडे त्यांनी तज्ज्ञाच्या नजरेने पाहिले आणि म्हणाले, “तुम्हाला तसंही काय दिसत होतं?”

युक्तिवाद बिनतोड होता. उरलेला प्रवास मी पॅनेलचा पोत पाहत केला.

पुष्कळदा तो पोत मागे सरकत नसून पुढे सरकत असतो, कारण मी गाडीच्या दिशेकडे पाठ करून बसलेला असतो. जपानमध्ये या बाबतीत फार काटेकोरपणा पाळतात. शेवटच्या स्थानकावर आसने फिरवून सगळ्यांची तोंडे पुन्हा पुढे केली जातात. तीन आसनांचा संच फिरवायचा तर मोकळी जागा लागते, आणि ती सुरुवातीच्या शिंकान्सेनमध्ये नव्हती. म्हणून १९८५ साली आलेल्या १०० मालिकेच्या गाड्यांत दोन ओळींमधले अंतर १,०४० मिलिमीटर करण्यात आले. वंदे भारतच्या वरच्या वर्गातली आसनेही १८० अंशांत फिरतात. बाकी बऱ्याच ठिकाणी निम्म्या प्रवाशांनी येणाऱ्या गावाला पाठमोरे सामोरे जावे, असा संकेत रूढ आहे. फिरणारे आसन म्हणजे गुडघ्यांसाठी मोकळी सोडलेली जागा, आणि मोकळी सोडलेली जागा म्हणजे न विकलेले तिकीट, हे लक्षात घेतले की या संकेतामागचे तत्त्वज्ञान समजते.

आसन फिरत नसले तरी ते शास्त्रशुद्ध असते. ते एका सरासरी माणसाच्या मापाने घडवलेले असते, आणि तो माणूस मला कोणत्याही गाडीत अद्याप भेटलेला नाही. डोके टेकायला केलेला फुगवटा त्याच्या मानेच्या खळगीत नेमका बसत असणार. माझ्या बाबतीत तो कवटीच्या मागे येतो आणि मला सतत माझ्याच छातीवरच्या बटणांकडे पाहायला लावतो. माझ्या शेजारी बसलेल्या उंच तरुणाच्या तो खांद्यांमध्ये रुतला होता. गादीचे तर विचारूच नका. फोम सहजी पेटू नये, पेटलाच तर विषारी धूर कमी व्हावा, धडक बसली तर आसन जागचे हलू नये आणि तरीही पाठ इतकी पातळ असावी की डब्यात आणखी एक ओळ मावावी, अशा चार अटी पुऱ्या करता करता मऊपणाचा मुद्दा शेवटी राहून जातो. ब्रिटनमध्ये या प्रकारच्या नव्या आसनांना प्रवाशांनी इस्त्रीचे टेबल असे नाव दिले आणि ते वर्तमानपत्रांपर्यंत पोचले. आग लागल्यास आपण सुरक्षित राहू, हा विचार तिसऱ्या तासाला पाठीला फारसा पटत नाही, एवढेच मी म्हणेन.

तरीही अभियंत्यांना माझ्या शरीराची जी माहिती आहे ती मला नाही, हे मान्य केले पाहिजे. बसलेल्या माणसाला वर-खाली होणारे सेकंदाला चार ते आठ हेलकावे सर्वांत जास्त जाणवतात आणि आडव्या दिशेने एक-दोनही पुरतात, हे त्यांनी मोजून ठेवले आहे. म्हणूनच जाणते प्रवासी चाकांच्या वरची जागा टाळून डब्याच्या मधोमध बसतात आणि जमल्यास ज्याच्या खाली मोटार नाही असा डबा गाठतात. या शास्त्रातली मला सर्वांत आवडणारी कथा मात्र पोटाची आहे. वळणावर वेग कमी करावा लागू नये म्हणून ब्रिटिश रेल्वेने कलणारी गाडी तयार केली आणि १९८१च्या डिसेंबरात तिच्यात प्रवासी बसवले. गाडी वळणावर इतकी अचूक कलत असे की बाजूला फेकले गेल्याची जाणीव जवळजवळ होतच नसे. खिडकीबाहेरचे क्षितिज मात्र डोळ्यांदेखत तिरपे होई. डोळे म्हणत आपण कललो, तोल सांभाळणारे कान म्हणत आपण सरळ आहोत, आणि त्यांच्या या वादाचा निकाल पोट लावत असे. पुढे कलणाऱ्या गाड्या बनवणाऱ्यांनी धडा घेतला आणि वळणाचा थोडासा धक्का प्रवाशाला मुद्दाम जाणवू दिला. थोडी गैरसोय ठेवली की सोय सोसवते, असा हा शोध असून तो आसनांच्या बाबतीत अंमळ जास्तच मनावर घेतला गेला असावा.

आता शांततेकडे वळतो, कारण माझे खरे हाल तिथे आहेत. जुन्या गाडीच्या खडखडाटाने एक मोठी समाजसेवा केली होती, ती कुणाच्याही लक्षात आली नाही. त्या आवाजाच्या आडोशाला शेजारी बोलत, पिशव्या उलगडत, घोरत, आणि ते फक्त त्यांचे त्यांना ऐकू जात असे. विजेच्या गाडीने तो आडोसा काढून घेतला. डब्यात वातानुकूलनाची हलकी घरघर आणि खालून चाकांची दबकी कुजबुज तेवढी राहिली, आणि त्यावर प्रत्येक शब्द स्वच्छ उमटू लागला. भरीस भर म्हणून ऊन अडवण्यासाठी काचेवर धातूचा जो अदृश्य थर देतात तो मोबाइलचे संदेशही अडवतो. त्यामुळे पलीकडच्याला ऐकू जात नाही असे वाटून बोलणारा आवाज चढवतो. पलीकडच्याला ऐकू जात नसेलही, पण अलीकडच्या सत्तर जणांना जाते.

यातला कळस म्हणजे वीज बदलण्याची जागा. तारेतला पुरवठा एका उपकेंद्राकडून दुसऱ्याकडे जातो तिथे मध्ये एक मोकळा तुकडा ठेवलेला असतो आणि गाडी तो केवळ अंगच्या वेगावर ओलांडते. दिवे बॅटरीवर चालू राहतात, पण बऱ्याच गाड्यांत वातानुकूलनाची घरघर काही सेकंद थांबते. अशाच एका तुकड्यावर, डबा अचानक निःशब्द झाला असताना, माझ्यामागून तीन ओळींवरचा खणखणीत आवाज आला: “हे बघा, यातलं एक अक्षर कुणाला कळता कामा नये!” वीज परत आली, घरघर सुरू झाली, आणि पुढचा तपशील आमच्या हातून निसटला. सगळा डबा मनातून हळहळला. आरक्षण करताना शांत विभाग निवडण्याची सोय जर्मनीच्या आयसीई या वेगवान गाड्यांत आहे. कल्पना उत्तम आहे, पण शांत विभागात बसल्यावर शेजाऱ्याच्या हेडफोनमधून झिरपणारा टकटकाटही ऐकू येऊ लागतो, आणि उठून समज द्यावी तर बोलणारे एकटे आपणच ठरतो.

प्लगचा प्रश्न आता बराचसा मिटत आला आहे. २०२० साली सुरू झालेल्या एन७००एस मालिकेच्या शिंकान्सेनमध्ये तर प्रत्येक आसनाला प्लग आहे, आणि स्थानक जवळ आले की सामानाच्या फळीवरचा दिवा उजळतो, म्हणजे वरची बॅग विसरायची सबबही गेली. जिथे दोघांत एक प्लग आहे तिथे आधी कोण बसले यावर बॅटरीचे भवितव्य ठरते. घडीच्या ट्रेविषयी इतकेच, की पुढच्या माणसाने पाठ मागे रेलली की ट्रे माझ्या बाजूने किंचित चढतो आणि त्यावरचे सगळे माझ्याकडे निघते.

सर्वांत मोठी प्रगती मात्र स्वच्छतागृहात झाली आहे. चाकांच्या खुर्चीला आत वळता यावे म्हणून त्यात सुमारे दीड मीटर व्यासाचे मोकळे वर्तुळ ठेवतात, आणि ते अगदी योग्य आहे. डब्यातल्या कोणत्याही आसनापेक्षा तिथे पाय पसरायला जास्त जागा मिळते. दरवाजा गोलाकार, विजेवर सरकणारा. आत तीन बटणे असतात: उघडा, बंद करा आणि कुलूप. बंदचे बटण दाबल्यावर दरवाजा इतक्या राजेशाही थाटात बंद होतो की काम झाले असेच कुणालाही वाटावे. कुलूप लागलेले नसते.

मी बाहेर रांगेत पहिला होतो. दरवाजावरचे बटण हिरवे होते, ते मी दाबले. दरवाजा सावकाश सरकू लागला आणि आतले गृहस्थ, दीड मीटर पलीकडे, बैठ्या अवस्थेत, क्रमाक्रमाने प्रकट झाले. त्यांचा हात बटणापर्यंत पोचत नव्हता. मी बंदचे बटण दाबले. दरवाजाने त्याची दखल घेतली नाही.

“आधी पूर्ण उघडू द्या त्याला,” माझ्यामागच्या बाई अनुभवी स्वरात म्हणाल्या. “त्याशिवाय तो बंद होत नाही.”

तो पूर्ण उघडला, क्षणभर थांबला, आणि त्याच थाटात परत निघाला. तेवढ्या अवधीत आपत्कालीन हातोडी कशी वापरावी याची भिंतीवरची सूचना मी चित्रांसकट वाचून काढली. काही वेळाने ते गृहस्थ हात पुसत बाहेर आले आणि जाता जाता मला म्हणाले, “कुलपाचं बटण वेगळं असतं, बरं का. लोकांच्या लक्षात येत नाही.”

मी आत गेलो, दरवाजा बंद केला, कुलपाचे बटण दाबले. तांबडा दिवा लागला. बसल्यावर तो दिसत राहील अशी व्यवस्था मात्र त्या प्रशस्त खोलीत कुणी केलेली नव्हती.