गावं महापालिकेत आली, पाणी कुठे आहे?

"पुण्याच्या कडेची उरलेली गावं एकदाची महापालिकेत घ्या. ग्रामपंचायतींना हा पसारा झेपत नाही. महापालिका आली की कारभार एका हाती येईल, नियोजन होईल, पाणी येईल. विरोध करतात ते कर बुडवणारे." अशा आशयाचे संदेश सोसायट्यांच्या ग्रुपवर सारखे फिरतात. ग्रामपंचायतींना झेपत नाही हे खरं आहे. बाकीचं मला मान्य नाही.

नियोजन होईल म्हणे. हा प्रयोग 1997 मध्ये करून झाला आहे. 38 गावं हद्दीत आली, काही पुढे वगळली, 23 उरली. त्यांच्या टेकड्यांवरच्या जैवविविधता उद्यानाच्या आरक्षणाचा निर्णय व्हायला 2015 उजाडलं. तोवर बिल्डर थांबले नाहीत आणि गुंठ्यागुंठ्याने जमीन विकणारेही नाहीत. विकून, बांधून झालेल्या जमिनीवर मागाहून रस्त्याची रेघ ओढली, की ती कुणाच्या तरी घरावरून जाते आणि भूसंपादनाच्या पैशांपाशी अडते. कात्रज-कोंढवा रस्ता त्यातच वर्षानुवर्षं रखडला. वगळलेल्या गावांतली बरीच पुन्हा 2017 आणि 2021 मध्ये आत आली, ती तोवर वाट्टेल तशी वाढून.

पाण्याचं तर बोलायलाच हवं. नांदेड, किरकटवाडी, खडकवासला ही गावं 2021 मध्ये महापालिकेत आली. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्त्याच्या याच पट्ट्यात जीबीएसची (गुलेन-बॅरे सिंड्रोम, मज्जातंतूंवर हल्ला करणारा आजार) साथ पसरली. पुणे परिसरातल्या संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या पुढे गेला, काहींचा जीव गेला आणि संशय दूषित पाण्यावर आला. नांदेडच्या विहिरीचं पाणी शुद्धीकरण प्रकल्पातून न जाता, नुसतं क्लोरिन टाकून घरोघरी जात होतं. धरण उशाला आणि तीन वर्षांहून जास्त काळ महापालिकेत, तरी ही गत. हद्दीची अधिसूचना एका दिवसात निघते. जलवाहिनी, टाकी, मैलापाण्याचा प्रकल्प यांना जागा, पैसा आणि वर्षं लागतात.

एकाच यंत्रणेच्या हाती कारभार येतो, हेही झालं नाही. 2021 च्या 23 गावांत कर आणि सेवा महापालिकेकडे आल्या, आराखडा आणि बांधकाम परवानगी मात्र पीएमआरडीएकडे, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे राहिली. एकाने इमारतीला परवानगी द्यायची, दुसऱ्याने पाणी शोधायचं आणि रहिवाशाने टँकरवाल्याला पैसे मोजायचे. यावर चिडायला हवं.

आणि कर बुडवण्याचा आरोप? उरुळी देवाची आणि फुरसुंगीने वर्षानुवर्षं अख्ख्या पुण्याचा कचरा सोसला. 2017 मध्ये ही गावं आत आली, वाढीव मिळकतकर आला, सोयी त्या वेगाने आल्या नाहीत. अखेर त्यांची वेगळी नगरपरिषद करावी लागली. कर कशाचा, हे विचारणं म्हणजे तो बुडवणं नव्हे.

यावर उपाय आपल्या कायद्यातच आहे. टीपी स्कीममध्ये, म्हणजे नगररचना योजनेत, शेतजमिनी एकत्र करून आधी रस्ते, शाळा, टाक्यांची जागा काढतात आणि उरलेली जमीन नीट आखून मूळ मालकांना परत देतात. अहमदाबादने या वाटेने रिंग रोडला जागा मिळवली. पीएमआरडीएचा 2021 मधला प्रारूप आराखडा 2025 मध्ये रद्द झाला आहे. नव्या आराखड्यात हद्द कुठवर न्यायची यावर भांडण्याऐवजी, टीपी स्कीम आणि पाण्याचा स्रोत ठरल्याशिवाय एकाही मोठ्या गृहप्रकल्पाला परवानगी नको, एवढं लेखी मागू या.